पिवळ्या रंगाखालचा तडा

मित्रांनो, जुनी माणसं ओळख करून देताना आधी वय सांगतात. मला माझं वय ठाऊक नाही. मी एक भिंग आहे, पितळी कड्यात बसवलेलं, काळ्या लाकडाच्या मुठीचं, आणि माझ्या कडेचा एक टवका उडालेला आहे. एवढी ओळख पुरे, कारण मला स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसायला जास्त आवडतं. नाक नाही, डोळाच आहे. पण काम तेच.

माझा जन्म भिंगं घासणाऱ्या एका कारागिराच्या खोलीत झाला. खोलीला एकच खिडकी होती. तिच्याखाली बसून तो ओल्या भुकटीवर माझं अंग गोल गोल घासत असे. आधी मी काचेची नुसती जाड, आंधळी चकती होतो. एक दिवस त्याने मला पाण्यातून काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि स्वतःच्या अंगठ्यावर धरलं. माझं पहिलं बघणं ते. अंगठ्यावर केवढ्या तरी रेषा होत्या, एकीच्या आत एक, आणि त्यांच्या मधल्या खाचांत काचेची पांढरी भुकटी साचलेली. मला वाटलं, जग म्हणजे हेच. मग त्याने हात लांब करून मला खिडकीसमोर धरलं, तर खिडकी उलटी. रस्ता वर, आभाळ खाली, आणि एक माणूस चालला होता, त्याच्या छत्रीच्या वर डोकं आणि डोक्याच्या वर पाय. मी घाबरलो नाही, मला भारी गंमत वाटली. तेव्हापासून माझं असंच आहे: जवळचं मोठं दिसतं आणि दूरचं उलटं. राईचा पर्वत करणाऱ्याला लोक नावं ठेवतात. माझा तो पोटापाण्याचा धंदा आहे.

मला विकत घेतलं ते एका अवजारं बनवणाऱ्याने. त्याच्या हाताखाली इतकी पोरं लेथ आणि कानस चालवायला शिकली होती की सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मास्तर माझ्याहून चौकस. ड्रिलचं टोक झिजलं की मला त्यावर धरायचे, कात्रीची धार बघायचे, आणि जेवताना पावाच्या तुकड्यातली भोकंसुद्धा बघायचे. त्यांच्या मुलीचा दुधाचा दात पडला तेव्हा ती रडत होती आणि मास्तर तो दात माझ्याखाली धरून म्हणत होते की अगं, याचं मूळ बघ कसं विरघळलंय. थोड्या वेळाने तीही रडायचं विसरून बघायला लागली. ती मुलगी पुढे पूल बांधणारी इंजिनियर झाली. तिलाच मी या गोष्टीत ताई म्हणणार आहे, कारण सगळेच म्हणतात.

म्हातारपणी मास्तरांनी कारखाना विकला आणि त्या पैशातून एक ट्रस्ट काढला. नव्या दमाच्या इंजिनियरांना पुरस्कार आणि अनुदान द्यायचं, हे त्याचं काम. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक सभागृह, एवढाच त्याचा पसारा. खाली यंत्र सुरू झालं की वरची फरशी बारीक थरथरायची आणि मीही टेबलावर सरकत सरकत कडेला यायचो. माझा टवका तसाच उडालाय.

या ट्रस्टची एक रीत होती. अर्ज करणाऱ्याने आपण बनवलेली वस्तू घेऊन यायचं आणि लांब टेबलावर ठेवायची. मग माझी फेरी निघायची. एक परीक्षक मला घेऊन ती वस्तू बघायचा, मग मला आणि वस्तूला शेजाऱ्याकडे सरकवायचा. फेरी पूर्ण होईपर्यंत कोणी अक्षरही बोलायचं नाही. बिचारा अर्जदार समोर बसून घाम पुसत असायचा. फेरी संपली की मास्तर एकच प्रश्न विचारायचे: "हे मोडलं तर काय होईल?" हुशार पोरंही इथे गडबडायची. वस्तू कशी चालते हे सांगायला ती आठवडाभर घोकून आलेली असत, मोडण्याचा विचार कोणी केलेला नसे.

पुरस्कार तर सगळेच देतात. पण मास्तरांचं अनुदान जगावेगळं होतं. ते वस्तू बनवायला मिळत नसे, मोडायला मिळत असे. पैसे घ्या, चार-सहा नमुने करा, ते सगळे मोडा आणि तुकडे इथे आणून दाखवा, अशी अट. ज्याला ते अनुदान मिळे, त्याच्याकडे मी राहायला जायचो आणि पुढचा कोणी मागेपर्यंत तिथेच असायचो. त्यामुळे मी खूप घरं बघितली. कोणाच्या स्वयंपाकघरात पंपाच्या फुटलेल्या झडपा बघितल्या, कोणाच्या गच्चीवर वाकलेल्या पात्या. सभागृहात एक काचेचं कपाट होतं, त्यात हे सगळे तुकडे ओळीने मांडलेले असत. पाहुण्यांना वाटायचं की ट्रस्टकडे कपाट आवरायला माणूस नाही. मास्तर त्यांना म्हणायचे की चालणारी वस्तू फक्त चालते, बोलायला लागते ती मोडल्यावर.

मास्तर गेल्यावर ताई अध्यक्ष झाल्या. पण त्यांचे पूल दूरदूरच्या नद्यांवर, त्या वर्षातून एखाद-दोनदाच येऊ शकायच्या. रोजचा कारभार मास्तरांच्या भाच्याकडे आला. तोंडावर सगळे त्यांना चिटणीस म्हणत आणि पाठीमागे भाचेसाहेब. माणूस वाईट नव्हता हो. सकाळी सर्वांत आधी यायचा आणि दिवे बंद करून जायचा. फक्त त्याला पसारा खपायचा नाही, आणि मी म्हणजे पसाऱ्याचा मित्र.

त्यात एक प्रकार घडला. कोणीतरी मला खिडकीत ठेवून गेलं, ऊन माझ्यातून शिरलं आणि भाचेसाहेबांच्या नव्याकोऱ्या खुर्चीच्या गादीला गोल भोक पडलं. धूर निघाला, पाणी ओतलं गेलं, आरडाओरडा झाला. गुन्हा सूर्याचा, शिक्षा मला. ट्रस्टच्या शिपाईमामांनी मला टेबलाच्या खालच्या खणात टाकलं. तिथे बिनकुलपाच्या किल्ल्या होत्या, एक तुटकी मोजपट्टी होती आणि वाळलेल्या शाईचं एक पॅड होतं. मी त्याच्याशी ओळख काढायचा प्रयत्न केला, पण ते फारच कोरडं निघालं.

खणाबाहेर काय बदललं ते मला फटीतून ऐकून कळायचं. भाचेसाहेबांनी ठरवलं की आता वस्तू घेऊन यायची गरज नाही, वस्तू चालतानाचा छोटा चित्रपट पाठवला की झालं. कारण खरं होतं, ते मी नाकारत नाही. दूरच्या गावची पोरं जड यंत्रं उचलून कशी येणार? तो नियम झाल्यावर अर्जही भरभरून येऊ लागले. पण चित्रपटात प्रत्येक वस्तू चालायचीच. न चालणारा चित्रपट कोण पाठवेल? सूचनेत आणखी एक ओळ होती, नमुना आकर्षक दिसावा अशी. मग पोरं घासू लागली, रंगवू लागली. मोडण्याचं अनुदान कोणी मागेना, कारण ते मागायचं म्हणजे आपली वस्तू मोडेल हे आधी कबूल करणं आलं. काचेच्या कपाटातले तुकडे एका खोक्यात गेले आणि तिथे ढाली आणि समारंभांचे फोटो आले. एकदा शिपाईमामांनी किल्ली शोधताना मला बाहेर काढलं आणि गंमत म्हणून चित्रपट चालू असलेल्या संगणकाच्या पडद्यावर धरलं. मला यंत्र दिसलंच नाही. लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसले, शेजारी शेजारी, गपचूप बसलेले. मी बराच वेळ विचार करत होतो की परीक्षकांना यांतून काय दिसत असेल.

आता मित्रांनो, खटपटी येते.

खटपटी ही इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. घरातलं घड्याळ, इस्त्री, शेजारणीचा रेडिओ, सगळं लहानपणीच उघडून बसायची म्हणून तिच्या आईने ठेवलेलं हे नाव. वडील बिजागऱ्यांच्या कारखान्यात प्रेस मशीनवर. या मशीनचा जड ठोकळा वर उभा असतो. पायाने पेडल दाबलं की एक दांडी ओढली जाते आणि ठोकळा धाडकन खाली येऊन पत्रा कापतो. खटपटी शाळेत असताना एकदा पत्रा अडकला, तो सोडवायला वडिलांचा हात आत गेला आणि सवयीने पायही पडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून चारचौघांत ते उजवा हात खिशात ठेवत. मुलीने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण घरातल्या प्रत्येक फोटोत तो खिसा तिला दिसायचा.

तिने एक युक्ती बनवली. पेडल दाबलं की आधी जाळीचं छोटं दार खाली यायचं. दार पूर्ण टेकलं, तरच एक पोलादी आकडा दांडीला मोकळं सोडायचा. मध्ये कोणाचा हात असला तर दार हातावर अडायचं, आकडा दांडी घट्ट धरून ठेवायचा आणि ठोकळा वरच राहायचा. तिने त्याला चकचकीत पिवळा रंग दिला, दारात एक लाकडी काठी घालून चित्रपट काढला आणि ट्रस्टकडे पाठवला. काठी सहीसलामत राहिली. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या वर्षीचा पुरस्कार खटपटीला जाहीर झाला. कारखान्याचा मालक आधी हे दार लावायला तयार नव्हता, काम मंदावेल म्हणायचा. पुरस्कार जाहीर झाल्यावर तो विरघळला. समारंभाला येतो आणि दुसऱ्याच दिवशी हिच्या वडिलांच्या मशीनवर दार बसवतो, असा त्याने शब्द दिला.

समारंभाच्या सकाळी सभागृहात पंखे जोरात फिरत होते आणि पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या उडत होत्या. शिपाईमामांना जड काहीतरी हवं होतं. त्यांनी खण उघडला आणि मला त्या चिठ्ठ्यांवर ठेवून दिलं. इतक्या वर्षांनी कामासाठी बाहेर आलो, तेही वजन म्हणून. पण माझी तक्रार नव्हती. माझ्या शेजारीच टेबलावर ते पिवळं दार ठेवलेलं होतं.

खटपटी आणि तिचे बाबा सर्वांत आधी आले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, उजवा हात खिशात. खटपटीने मला बघितलं आणि उचललंच. तिचं नाव उगाच ठेवलेलं नव्हतं. आधी तिने आपलं नख बघितलं, मग टेबलक्लॉथचा धागा, मग बाबांच्या सदऱ्याचं बटण. मग मला आपल्या आकड्यावर आणलं. पिवळा रंग माझ्याखाली पसरला, गुळगुळीत, एखाद्या भिंतीएवढा. आणि त्या भिंतीत, आकडा जिथे आत वळतो त्या कोपऱ्यात, एक रेघ होती.

तिने नखाने रंग खरवडला. रेघ रंगात नव्हती, पोलादात होती. केसाएवढा तडा, कोपऱ्यातून निघून आत शिरलेला. चित्रपटासाठी तिने दार पुन्हा पुन्हा आपटलं होतं, तेव्हाच तो पडला असणार आणि मग त्यावर रंगाचा शेवटचा हात फिरला असणार.  

तिने बाबांना बोलावलं. मला धरायला त्यांना उजवा हात खिशातून काढावा लागला. ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सभागृहाच्या दाराकडे नजर टाकली, तिथे अजून कोणी नव्हतं, आणि हळू आवाजात म्हणाले, "आता काही बोलू नकोस. बक्षीस घे, उद्या दार बसू दे, मग सवडीने आकडा बदल. एकदा मालकाने माघार घेतली की पुन्हा कधी लावायचा नाही."

"बाबा, उद्या त्याच्याखाली तुमचा हात असणार आहे."

"मला चालेल. सांभाळून करीन दोन-चार दिवस."

"तुम्हाला चालेल," खटपटी म्हणाली. "मला नाही चालणार."

मित्रांनो, मी खूप बारीक गोष्टी बघितल्या आहेत, पण बापाने मुलीसाठी आपला हात पुन्हा पणाला लावणं आणि मुलीने त्याच हातासाठी आपला पुरस्कार सोडायला निघणं, हे मी जवळून बघितलं तेव्हा माझ्या काचेला धुकं आल्यासारखं झालं. कोण चुकत होतं ते मला सांगता येणार नाही.

ताई त्या दिवशी मुद्दाम प्रवास करून आल्या होत्या. आता त्या निवृत्त झालेल्या, केस पांढरे, चष्मा जाड. पहिल्या रांगेत बसतात न बसतात तोच खटपटी मला आणि आकड्याला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. ताईंनी मला हातात घेतलं. माझी मूठ मास्तरांच्या अंगठ्याने जिथे झिजली आहे, तिथे त्यांचा अंगठा आपोआप गेला.

"हे कुठे होतं इतके दिवस?" त्यांनी विचारलं.

भाचेसाहेब घड्याळ बघायला लागले. ताईंनी तडा बघितला, आकडा फिरवून मागून बघितला, आणि मग खटपटीकडे बघत तो जुना प्रश्न विचारला. हे मोडलं तर काय होईल? खटपटीने खाली मान घालून सांगितलं की आकडा मोडला तर दांडी धरायला काहीच उरणार नाही. दार हातावर अडलेलं असलं तरी ठोकळा खाली येईल.

 पाहुणे जिने चढत होते. भाचेसाहेब ताईंच्या कानाशी लागून सांगू लागले की मंचावर यंत्र चालवायचं कुठे आहे, नुसतं दाखवायचंच तर आहे, बाकीचं उद्या बघू. ताईंनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग नाही म्हणाल्या. एवढंच, नाही.

समारंभ झाला, पण पुरस्कार दिला गेला नाही. खटपटीने मंचावर जाऊन कारण स्वतःच सांगितलं. सुरुवातीला तिचा आवाज फाटत होता. पण तडा कुठून निघाला हे सांगायला लागल्यावर ती घाबरायचंच विसरली. आतला कोपरा तिने चौकोनी कापला होता, सगळा ताण त्या टोकाशी गोळा झाला, कोपरा गोल हवा होता, असं ती बोटाने हवेत आकडा काढून दाखवत होती.  कारखान्याचा मालक चहाला न थांबता उठून गेला. बाबा जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेले आणि परत आले तेव्हा उजवा हात पुन्हा खिशात होता. खटपटी मंचावरून खाली आली आणि मगच रडली. मला वाईट वाटलं, आणि आपण त्या चिठ्ठ्यांवर मुकाट पडून राहिलो असतो तर, असंही क्षणभर वाटून गेलं.

पाहुणे पांगल्यावर ताईंनी शिपाईमामांना ते खोकं आणायला सांगितलं. फुटक्या झडपा, वाकड्या पात्या, चिरलेली चाकं, सगळं टेबलावर निघालं. खटपटी डोळे पुसत पुसत एकेक तुकडा माझ्याखाली धरू लागली. प्रत्येक तुकडा कुठून मोडला आणि का, हे ताई सांगत गेल्या. भाचेसाहेबही मागे उभे राहून बघत होते. मग खटपटीने मोडण्याचं अनुदान मागितलं आणि ताईंनी ते तिथल्या तिथे मंजूर केलं. कितीतरी वर्षांनी मी कोणाच्या तरी घरी राहायला निघालो.

पण काम चालायचं ट्रस्टच्या मागच्या खोलीत, कारण घरी तेवढी जागा नव्हती. खटपटीने आकडे बनवले, आता गोल कोपऱ्याचे, आणि बिनरंगाचे. वजनं टांगून, हिसके देऊन एकेक मोडला. ती वाकून माझ्यातून बघायची आणि मी डोळ्यात तेल घालून तडा शोधायचो. नवे आकडे खूप जास्त टिकले. पण शेवटी प्रत्येक मोडलाच. एका संध्याकाळी ती वैतागली. कितीही चांगला केला तरी कधी ना कधी मोडणारच, मग काय उपयोग, असं म्हणून तिने कानस टेबलावर टाकली.

ताई कोपऱ्यात चहा पीत बसल्या होत्या. "मोडू दे की," त्या म्हणाल्या. "मोडल्यावर काय व्हावं, ते तू ठरव."

 खुर्चीत मागे रेलून खटपटीने मला हात लांब करून धरलं, नुसतं चाळा म्हणून, आणि पलीकडच्या फळीवर पेडल-दांडीसकट ठेवलेलं आपलं दार माझ्यातून बघू लागली. दूरचं मला कसं दिसतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पेडल वर गेलं, आकडा खाली आला, आणि दांडी त्या आकड्याला बादलीसारखी लटकलेली दिसली. सरळ बघताना आकडा दांडीला अडवत होता. उलट्या चित्रात दांडीच आकड्याच्या जिवावर होती. आकडा मोडला तर बादली पडेल, आणि बादली पडली तर ओढायला काही राहणारच नाही.

ती ताडकन उठली. मी टेबलावर आदळलो, पण म्हटलं जाऊ दे.

तिने दांडीचे दोन तुकडे केले. दार पूर्ण खाली टेकलं तरच आकडा त्या दोन तुकड्यांना एकमेकांत अडकवायचा आणि पेडलची ओढ ठोकळ्यापर्यंत पोचायची. आधी आकडा मशीनला थांबवत होता, आता आकड्यामुळेच मशीन चालणार होतं. तो मोडला तर पेडल नुसतं खाली-वर होणार, ठोकळा मात्र जागचा हलणार नाही. ताईंनी आकडा करवतीने मुद्दाम कापून तो जुना प्रश्न पुन्हा विचारला. खटपटी हसली आणि म्हणाली, "काही नाही होणार. काम थांबेल."

मालकाकडे ताई स्वतः गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी खटपटीच्या पिशवीत होतो. एवढं कळलं की एकाच मशीनवर, आणि काम मंदावलं तर लगेच काढून टाकीन या बोलीवर, त्याने दार लावू दिलं. मशीन अर्थातच बाबांचं. रंग नव्हताच. खटपटी आठवड्यातून एकदा कॉलेज सुटल्यावर कारखान्यात जायची आणि मला धरून आकडा तपासायची.

अशाच एका दिवशी ती आकडा बघून झाला म्हणून मला दोरीने गळ्यात अडकवून पलीकडच्या मशीनची दांडी न्याहाळत होती. कारखान्यात ठोकळ्यांचा आवाज एकसारखा चाललेला असतो. त्यातला एक ठोका आलाच नाही. बाकीच्यांच्या कानांना ते कळलं नसेल, तिला कळलं. ती धावली. माझ्यातून सगळा कारखाना उलटा होऊन हेलकावत होता, त्यामुळे मला काहीच समजेना.

बाबांचा उजवा हात जाळीच्या दारात होता. पत्रा अडकला होता, हात आत गेला होता आणि पाय सवयीने पडला होता. अगदी त्या दिवसासारखंच. दार मनगटावर टेकून थांबलं होतं आणि ठोकळा वर, जागच्या जागी, मुकाट उभा होता. बाबा पायाखालच्या पेडलकडे बघत होते.

खटपटीने तो हात बाहेर काढला आणि काय सुचलं कोण जाणे, मला त्यावर धरलं. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसत नसावा. माझ्याखाली मोठा झालेला तळवा आला, रेषांत काळं तेल बसलेलं, पत्र्याचे जुने वळ असलेला. तिने मला एका बोटावरून दुसऱ्यावर नेलं, मग तिसऱ्यावर. मी जन्मल्यावर बघितला तसाच एक अंगठाही त्यात होता. होती तेवढी सगळी बोटं होती.

"अगं, पत्रा अडकला होता," बाबा म्हणाले.  त्यांनी तो हात खिशात घातला नाही, मुलीच्या डोक्यावर ठेवला.

मालकाने बाकीच्या मशीनांची मापं घ्यायला सांगितली. ट्रस्टच्या काचेच्या कपाटातल्या ढाली खाली उतरल्या आणि तडा गेलेला तो पिवळा आकडा वरच्या फळीवर बसला. पुरस्काराचं म्हणाल तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका मुलाला मिळाला आणि टाळ्या वाजवायला खटपटी पहिल्या रांगेत होती. भाचेसाहेब अजूनही चित्रपट मागवतात, पण आता त्यात वस्तू मोडतानाचं एक दृश्य असावंच लागतं. जवळच्यांनी वस्तू घेऊन यायचं आणि दूरच्यांकडे मला पाठवायचं, असंही ठरलंय. कापसात गुंडाळून, खोक्यात घालून माझा प्रवास चालू असतो.

तर मित्रांनो, उद्या कदाचित मी तुमच्याकडेही येईन. मला मऊ कापडाने पुसा. खिडकीत ठेवू नका, नाहीतर खुर्ची जळेल आणि नाव माझं होईल. खणातही ठेवू नका, तिथे बोलायला कोणी नसतं. आणि तुम्ही जी वस्तू बनवाल, तिच्याखाली कोणाचा तरी हात असणार आहे, हे विसरू नका. रंग लावायच्या आधी एकदा बघा.